सरकारमान्य शाम

दिग्रसला बसस्टँडच्या मागे शामचं दुकान आहे. पाटीवर ठळक अक्षरांत लिहिलंय, ‘शाम कूलिंग, सरकारमान्य परवानाधारक ठेकेदार’. आता सरकारने शामला कधी मान्य केलं, हे सरकारलाही सांगता यायचं नाही. हा पठ्ठ्या दहावीत तीनदा आपटलेला. परवाना आहे तो त्याच्या बायकोच्या, वर्षाच्या नावावर.

वर्षाला तिच्या बापाने, खेमसिंगने, तांड्यावरून रोज एसटीने आयटीआयला धाडलं होतं. ती इलेक्ट्रिशियन झाली, पुढे सुपरवायझरची परीक्षाही पास झाली. मग लग्न झालं आणि शामला घरबसल्या घबाड मिळालं. घरात एखादा एसी टांगायचा तर कोणी काही विचारत नाही. पण मोठ्या कामाला थ्री फेजची लाईन ओढायची म्हटली की परवाना लागतो, आणि काम नियमात झाल्याची परवानाधारकाची सही लागते. गावात सरपंचबाईंचा नवरा खुर्चीत बसतो आणि बाई आतून चहा पाठवतात, अगदी तोच कारभार! शाम गिऱ्हाइकापुढे पाय पसरून सांगायचा, "लायसन म्हंजे फुकटचं लचांड हाय. बायकोच्या नावानं काढून टाकलं. तिले पकड अन् पाना यातला फरक समजत नाई."

वर्षा दुकानामागच्याच घरात भाकरी थापता थापता हे ऐकायची. सही मागितली की पिठाचे हात पुसून द्यायची ठोकून, काम न बघता. घरात कटकट नको, एवढंच तिचं शहाणपण. तिला स्वतःचीच किळस यायची, तरी करायची.

गेल्या उन्हाळ्यात डॉक्टर सुरभींच्या नव्या दवाखान्याचं काम आलं. नुकत्याच जन्मलेल्या बाळांची खोली, सहा एसी. शामने काम उरकलं आणि सहीचा कागद पुढे केला. पण डॉक्टरीणबाई पक्क्या. म्हणाल्या, "ज्यांचं लायसन आहे, त्यांनी माझ्यासमोर काम बघून सही करायची. लेकरं राहणार आहेत इथे."

शामने वर्षाला गाडीवर मागे बसवून नेलं. वाटेत तंबी दिली, "तोंड उघडू नको. सही मार अन् चाल."

वर्षाने मेन बंद केलं आणि स्विचचा डबा उघडला. आत बघून तिच्या तोंडून "याडी!" निघालं, तांड्यावर आईलाच अशी हाक मारतात. बल्बला वापरतात ती बारीक तार ह्या शहाण्याने एसीला जोडली होती. अर्थिंगची तार तर नुसती भिंतीत खुपसलेली, जमिनीपर्यंत पोचलेलीच नाही. सहाही एसी दिवसरात्र चालले असते तर खोली पेटायला किती वेळ? आणि कागदावर नाव वर्षाचं.

"ही सही मी करत नाई," ती म्हणाली.

शाम दात काढून हसला. "मॅडम, तिच्याकडे लक्ष नका देऊ. बाईमाणसाले काय समजते यातलं?"

"मले समजते म्हणून तं तुमच्या चुलीवर भात शिजून राह्यला!" वर्षा कडाडली. "आजवर आंधळ्यावानी सह्या केल्या, तो माहा गाढवपणा. पण ह्या लेकरायच्या जिवावर नाई करणार. मॅडम, ही सारी तार काढा लागते. मीच काढीन."

डॉक्टरीणबाईंनी शामकडे असं काही पाहिलं की त्याचं हसू तोंडातच राहिलं. "घरी ये, मंग पाह्यतो तुले," म्हणत तो तणतणत बाहेर गेला आणि गाडीवर बसून हॉर्न वाजवत राहिला. मोठा साहेबच की नाही! हॉर्न वाजला की बायको पळत येते, हे त्याला पाठ होतं.

वर्षाने पदर कमरेला खोचला, शिडीवर चढली आणि पहिली तार ओढून खाली फेकली. हॉर्न काही थांबेना. शेवटी तिने तिथूनच खिडकीबाहेर डोकं काढलं.

"काहून बोंबलून राह्यले? मजुरी पायजे असन तं आत या अन् शिडी धरा. नाई तं मी दुसरा गडी पाहीन."