पोरीच्या वाट्याची ऊब

लेकीला आणि नातीला बारामतीच्या दवाखान्यातून सोडलं, त्या दिवशी आक्काबाई त्यांच्याबरोबर गेली नाही. तिला आधी भिगवणला आपल्या घरी जाऊन यायचं होतं. मेंढरं लेकाच्या, अप्पाच्या गळ्यात बांधायची होती आणि पेटीत जपून ठेवलेलं काळं घोंगडं आणायचं होतं. "तुमी व्हा फुडं, मी उद्याच्याला येतीच," असं जावयाला, रामला सांगून ती एस.टी.त बसली.

दुसऱ्या दिवशी इंदापूर तालुक्यातल्या लेकीच्या सासरच्या वस्तीवर ती पोचली तेव्हा दुपार कलली होती. पंच्याण्णव सालचा पौष. कालव्याच्या दोन्ही अंगांना उभा ऊस, आणि त्या ओल्या रानातून येणारं वारं भर उन्हातसुद्धा अंगाला झोंबत होतं. आक्काबाईनं डोक्यावरचं गाठोडं सोप्यात उतरवलं. विहीण बानूबाई सूप घेऊन तांदूळ निवडत बसली होती. तिनं वर न बघताच "आलात का?" म्हटलं.

"आले की. म्हाळसा कुठं हाय?"

"हाय की मागं, पडवीत."

"पडवीत?" आक्काबाईला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "बाळंतीण बाई पडवीत कशापायी?"

"मग कुठं ठिवू? घरात उठाया-बसाया जागा नगं व्हय?"

आक्काबाई घर ओलांडून मागच्या दारानं पडवीत गेली आणि तिथंच थबकली. वर पत्रा. तिन्ही बाजूंना तुराट्यांचा कूड, त्याच्या फटींतून पलीकडचा ऊस दिसत होता. परवापर्यंत तिथं शेरडं बांधलेली असत, त्यांच्या मुताचा वास अजून जमिनीला होता. एका कोपऱ्यात खताची पोती रचलेली. मधोमध बाज, आणि बाजेवर म्हाळसा पोरीला पोटाशी धरून, स्वतः गुडघ्यात मान घालून, गोणपाटासारखी दुमडून बसली होती.

"आय," ती एवढंच म्हणाली, आणि तिची हनुवटी थडथडायला लागली. रडू होतं की थंडी, तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

पोर आठव्या महिन्यातच झाली होती. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं म्हणून म्हाळसाला न्यायचा दिवससुद्धा ठरला होता, त्याच्या आतच तिच्या पोटात दुखायला लागलं. दवाखान्यात पोरीला काचेच्या पेटीत दिव्याच्या उबेला ठेवलं. दूध ओढायला लागली तेव्हा घरी सोडलं. सोडताना डॉक्टरीणबाईंनी आक्काबाईला समोर बसवून सांगितलं होतं, "आजी, हिच्या अंगात अजून स्वतःची ऊब धरायची ताकद नाही. आईनं उघड्या छातीशी धरायची, वरून पांघरूण घालायचं. आई दमली तर दुसऱ्यानं धरायची. आंघोळ इतक्यात नको. आणि बंद खोलीत कोळसा पेटवू नका, जीव घुसमटतो. दर आठवड्याला वजनाला आणा."

आक्काबाईला ते लगेच पटलं होतं. धनगराच्या घरात जन्मलेली ती. लहानपणी मेंढरांमागं फिरताना माळावर पाल टाकलेलं असायचं, आणि थंडीत एखादं कोकरू अवेळी पडलं की तिचा बाप ते बंडीच्या आत, पोटाशी घालून दिवसभर चालायचा. त्यामुळं पोरगी जगवायची कशी, याची तिला चिंता नव्हती. जागा असली मिळेल, हे मात्र तिच्या स्वप्नातही नव्हतं.

आणि राग आला तो नुसत्या जागेचाही नव्हता. याच घरात दोन हिवाळ्यांमागं थोरल्या सुनेला, माधवीला मुलगा झाला होता. यशराज. आक्काबाई कुंची-टोपडं घेऊन बघायला आली होती. तेव्हा माजघर बाळंतिणीला दिलं होतं. हातभर जाडीच्या मातीच्या भिंती, एका भिंतीपलीकडं चूल, त्यामुळं ती भिंत रात्री हात लावला तरी कोमट. दाराच्या फटीला चिंध्या, उंबऱ्यावर शेगडी, बारामतीहून आणलेली नवी रजई. घरधनी तात्याबा तर खोकायचं झालं तरी अंगणात जायचा, नातू दचकेल म्हणून.

घर तेच आणि थंडीही तीच. पोरगी झाली म्हटल्यावर माजघराची पडवी झाली.

"तू काय बोलली न्हाईस?" तिनं लेकीला विचारलं.

"बोलले. आत्याबाई म्हणल्या, माजघरात यशराज निजतो, त्याची झोप मोडंल."

"आन् राम?"

"त्ये ट्रॅक्टरवर हायती. कारखान्याचा सीझन हाय, ऊस वढायला जात्यात त्ये दुसऱ्या दिवशी येत्यात."

आक्काबाईनं पदर खोचला. भांडण करायला वेळ होता, दिवस मावळायला नव्हता. उसाचं पाचट तिनं ओंजळी-ओंजळीनं रिकाम्या खताच्या पोत्यांत कोंबलं आणि ती पोती कुडाला लावून उभी केली. परड्यातली माती आणि शेण कालवून फटी लिंपल्या. बाजेखाली पाचटाचा जाड थर घातला. घोंगडं टोचतं, म्हणून आतून जुन्या लुगड्याची घडी लावून ते मायलेकींच्या भोवती गुंडाळलं. चुलीच्या तोंडाशी वीट तापवून, फडक्यात बांधून लेकीच्या पायाशी दिली. शेजारच्या वस्तीवरची लीलाबाई भाकरीचं पीठ मागायला आली होती, तिनं हे सगळं बघितलं आणि आपल्या घरून एक वाकळ आणून दिली. परक्या बाईला कळलं, मग सख्ख्या आजीला का कळू नये?

पण पत्रा तो पत्राच. रात्रभर तो वरून थंडी ओतत होता. पहाटे दहिवर पाझरून थेंब बाजेवर पडू लागले. सकाळी पोरीचे तळवे गार लागले आणि ती दूध ओढेना. आक्काबाईनं तिला आपल्या चोळीच्या आत घेतलं, वरून घोंगडं ओढलं आणि उन्हाकडं पाठ करून बसली. बऱ्याच वेळानं पोरीनं तोंड हलवलं. तोवर आक्काबाईच्या मनातली सोसायची ताकद संपून गेली होती.

तेवढ्यात बानूबाई घमेलं घेऊन आली. त्यात उसाचे बुडखे पेटवलेले, धुराचा लोट निघत होता.

"घ्या. ठिवा हितं आन् दार लावून घ्या. उगं गावात बोभाटा नगं, आमी शेगडीबी दिली न्हाई म्हणून."

आक्काबाईनं पोरीला म्हाळसाकडं दिलं, घमेलं दोन फडक्यांनी उचललं आणि अंगणात नेऊन दाणकन आपटलं. निखारे इकडंतिकडं उडाले.

"इहीणबाई, धुरानं मारायची हाय का पोर? थंडीनं मरंना म्हणून?"

"तोंड सांभाळून बोला! माज्या घरात येऊन मला शिकीवता?"

आवाज चढला तसा सोप्यात उन्हाला बसलेला तात्याबा उठून आला. धोतराचा सोगा हातात, कपाळाला आठ्या. "काय लावलंय ह्ये? शेजारपाजार ऐकतोय."

"ऐकू द्या की, तात्या," आक्काबाई म्हणाली. "म्हाळसाला माजघर पायजे. आत्ताच्या आत्ता."

"माजघरात देव हायती," बानूबाई मधेच म्हणाली. "सुवेर हाय अजून."

"यशराजच्या येळंला देव गावाला गेलतं व्हय?"

माधवी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, तिनं मान खाली घातली. तात्याबानं मात्र समजुतीचा सूर लावला. तो सूर आक्काबाईला शिवीपेक्षा जास्त लागला.

"आक्काबाई, कशापायी जीव घालवता? सातआठ महिन्याचं पोर, त्यातनं पोरगी. देवाच्या मनात आसंल तर जगंल. न्हाय जगली तर म्हाळसा काय म्हातारी झालीया का?"

आक्काबाईच्या कानशिलात रक्त चढलं.

"तात्या, तुमी धनगराच्या पोटचं का उसाच्या?" ती म्हणाली. "कालव्याचं पाणी येऊन किती वरसं झाली वो? तुमच्या बापानं माज्या बापासंगं मेंढरं राखली. कळपात मादी कोकरू पडलं तर म्हातारा भंडारा उधळायचा, का, तर मादीनं कळप वाढतो. तवा मादी जीव लावून जगवायची आन् आता घरातली पोरगी देवाच्या मनावर सोडायची? देवाच्या मनात नसती तर त्यानं दवाखान्यातनं जिती घरी धाडली असती का? देवाला मधी घालू नका. मनात तुमच्याच न्हाय."

तात्याबा काही बोलायच्या आत ती वळली. तिनं लेकीला दंडाला धरून उठवलं, पोरीला घोंगड्यासकट उचललं आणि तिघी सरळ माजघरात गेल्या. चुलीकडच्या कोमट भिंतीला पाठ लावून आक्काबाईनं लेकीला बसवलं आणि स्वतः तिच्यासमोर मांडी घालून बसली.

"आता काढा बाहीर," ती म्हणाली. "हात धरून वढा. सुवेर हाय, शिवाल तर तुमालाच आंघुळ."

कोणी पुढं आलं नाही. बानूबाईनं बराच वेळ चुलीपाशी भांडी आपटली. तात्याबा रानात निघून गेला. माधवीनं दुपारी गुपचूप म्हाळसापुढं शिरा ठेवला आणि जाताना पुटपुटली, "यशराजला मी माज्याजवळ घेऊन निजन. त्याला कशाची झोप मोडतीया?" तिला बोलायचं होतं ते कालच बोलली असती तर, असं आक्काबाईच्या जिभेवर आलं होतं. तिनं ते तसंच गिळलं.

संध्याकाळी राम आला. सव्वीस-सत्तावीस वर्षांचा, अंगावर उसाची कुसळं आणि डिझेलचा वास. आईनं त्याला अंगणातच गाठून सगळी फिर्याद घातली होती. तो माजघराच्या दारात येऊन उभा राहिला, आत यावं की नाही हे न कळून.

"जावयबापू, हातपाय धुवा आन् सदरा काढून या," आक्काबाई म्हणाली.

"आं?"

"लेक रात्रंदिस छातीशी धरून बसलीय. तिचं खांदं भरून आल्यात. आता तुमी धरा."

"मी? बापय माणूस?"

"बापयाचं अंग गार असतंय व्हय?"

राम ओशाळून हसला. मागून बानूबाई ओरडली, "राम्या, बाईमाणसाची कामं करशील तर गावात तोंड दाखवाया जागा राहायची न्हाय!" रामनं एकदा आईकडं बघितलं, एकदा म्हाळसाकडं. म्हाळसानं त्याच्याकडं बघितलंच नाही, ती भिंतीकडं तोंड करून होती. बहुधा तेच त्याला लागलं. तो मोरीत गेला, गार पाण्यानं खसाखसा अंग धुऊन आला, चुलीपुढं बसून अंग कोमट केलं आणि भिंतीला टेकला. आक्काबाईनं पोरीला त्याच्या उघड्या छातीवर पालथी घातली, वर लुगड्याची घडी, वर घोंगडं. राम श्वाससुद्धा जपून घेत होता.

"लई हलकी हाय," तो म्हणाला. "जुंधळ्याच्या कणसागत."

"मग येवढ्या हलक्या जीवाचा तुमच्या घराला भार कसा झाला?" आक्काबाई म्हणाली. त्यानं पोरीवरचं घोंगडं आणखी वर ओढलं.

त्या दिवसापासून तो कामावरून आला की सदरा काढून बसायचा. कारखान्याच्या रांगेत ट्रॅक्टर उभे असायचे तिथं इतर ड्रायव्हर त्याला 'कोंबडी' म्हणायला लागले, अंडी उबवतो म्हणून. त्यानं ते ऐकून घेतलं. आक्काबाई संक्रांत ओलांडून माघ उतरेपर्यंत तिथंच राहिली. बानूबाई तिच्याशी बोलत नव्हती, ताटात भाकरी टाकायची ती लांबूनच. आक्काबाईनं ती भाकरी खाल्ली. अप्पाचे भिगवणहून दोनदा निरोप आले, लेकीला घेऊन इकडंच ये, असे. तिनं कळवलं, "पोर हिच्या बापाच्या घरातली हाय. हिची ऊब हितनंच वसूल करनार." दर आठवड्याला राम तिघींना बारामतीला न्यायचा, आणि डॉक्टरीणबाई काट्याकडं बघून हसायच्या.

बारसं घातलं ते फाल्गुनात. पोर चांगली बाळसं धरलेली, गालाला खळी. नाव रोहिणी ठेवलं. भावकी जमली, घुगऱ्या वाटल्या. पाहुण्या बायकांत बानूबाई नात मांडीवर घेऊन बसली होती आणि सांगत होती, "माजघरात ठिवली बगा, कशाची म्हणून कमी केली न्हाय. आमच्यात पोरगा-पोरगी आसलं काय नस्तंय."

म्हाळसानं आईकडं डोळ्यांनी विनवणी केली. आक्काबाईला ती दिसली. लेकीला याच घरात जन्म काढायचा होता, हेही कळत होतं. पण आज ती गप्प राहिली असती, तर पुढच्या पोरीला पुन्हा पडवीच दाखवली असती.

"इहीणबाई," ती सगळ्यांसमोर म्हणाली, "माजघर तुमी दिलं न्हाय. मी घेतलं. पोर जगली त्यात तुमची भाकरी हाय, ती मी मानते. पर खोटं बोलून पोरीच्या बारशाचा गूळ कडू करू नका."

बानूबाईनं नात म्हाळसाच्या मांडीवर दिली आणि ती उठून आत गेली. बाहेर मांडवात तात्याबानं ते ऐकलं, आणि पाहुण्यांसमोर पागोटं नुसतंच काढून पुन्हा घातलं.

त्या वर्षी दिवाळीला आक्काबाईला बोलावणं आलं नाही, पुढच्याही वर्षी नाही. म्हाळसाला सासूचे बोल खावे लागले, आणि त्याचं दुःख आक्काबाईला होतंच. पश्चात्ताप मात्र नव्हता. रामच रोहिणीला घेऊन भिगवणला यायचा. तिसऱ्या वर्षी म्हाळसाला दुसरी मुलगी झाली, दिपाली, तीही ऐन थंडीत. आक्काबाई निरोप मिळताच निघाली. वाटेतच तिनं भांडणाचे चार शब्द तयार ठेवले होते. वस्तीवर पोचली तर बाज माजघरात घातलेली, आणि तात्याबा मागच्या दाराच्या फटीला चिंध्या कोंबत बसलेला. त्यानं तिच्याकडं बघितलं आणि पुन्हा चिंध्या कोंबायला लागला. बानूबाई तर चुलीपुढून उठलीसुद्धा नाही.

आक्काबाईनं लेकीपाशी बसून पोरीचे तळवे हातात घेतले. ते ऊनऊन होते. तरी तिचा राग गेला नाही. रोहिणीच्या वेळी हे माजघर द्यायला काय झालं होतं, हा तिचा प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर त्या घरात तिला कोणीच दिलं नाही.