तो फोटो मी काढला नव्हता

माझा मित्र दत्ता वारल्यावर वर्षभर मी अंबरनाथच्या शिवमंदिरात पाऊल टाकलं नाही. दहा मिनिटांवर राहूनही. देवावर राग आहे, असं बायकोला सांगायचो. आमच्या फोटोग्राफी क्लबमधला लछमन आधी गेला, मग दत्ता. त्यांना नेलं आणि मला ठेवलं, हा कुठला न्याय? खरं कारण वेगळं होतं, आणि ते देवापुढेही कबूल करायची माझी तयारी नव्हती.

तिसेक वर्षांपूर्वी महाशिवरात्रीला याच मंदिरात दत्ताने आणि मी एकाच कॅमेऱ्यावर आळीपाळीने फोटो काढले होते. रोल लछमनने त्याच्या उल्हासनगरच्या स्टुडिओत धुतला. त्यात एक फोटो निघाला. दगडी पायरीवर बसून नवऱ्याच्या तळव्यातला काटा काढणारी म्हातारी. लछमन हरखून त्याच्या सिंधी ढंगात म्हणाला, "साईं, हा कोणी काढला? एक नंबर!" दत्ता शेजारीच उभा होता. मी म्हणालो, "मी."

क्लबच्या प्रदर्शनात त्या फोटोला पहिलं बक्षीस मिळालं, माझं नाव झालं. दत्ता कुणाजवळ बोलला नाही, पण हळूहळू क्लबात यायचा बंद झाला. आमच्यात समेट व्हावा म्हणून लछमन शेवटपर्यंत धडपडला. भांडण कशाचं हे न कळताच बिचारा गेला. पुढे दत्ताला कॅन्सर झाला. बदलापूरहून त्याचा दोनदा फोन आला. मी उचलला नाही. अंत्यविधीलाही गेलो नाही.

गेल्या श्रावणात एका सोमवारी बायकोने हट्टाने मंदिरात नेलं. गुडघ्यांमुळे ती वरच थांबली. गाभारा खोल आहे, बऱ्याच पायऱ्या उतराव्या लागतात. दर्शन घेऊन चढताना मला घेरी आली. तोल जाणार, इतक्यात मागून कुणा बाईने दंड घट्ट धरला. "सावकाश. खांद्यावर हात ठेवा माझ्या." एकेक पायरी करत तिने मला वर आणलं. उजेडात चेहरा दिसला. दत्ताची बायको, सुनंदावहिनी.

माझ्या तोंडून निघून गेलं, "वहिनी, तो बक्षिसाचा फोटो दत्ताचा होता."

"मला ठाऊक आहे, भाऊजी," वहिनी म्हणाल्या. "फोटोचं त्यांना काही नव्हतं हो. तुम्ही एकदा यावं, एवढंच म्हणायचे. शेवटी शेवटी दार वाजलं की मान वळवून बघायचे."

"मला माफ करा."

"ते माझ्या हातात नाही. जपून जा." आणि त्या गेल्या.

त्यांनी माफ केलं नाही, आणि ते बरोबरच होतं. दुसऱ्या दिवशी क्लबच्या उरलेल्या मित्रांना मी सगळं सांगितलं. त्यातले दोघे आता माझ्याशी बोलत नाहीत. याला चमत्कार म्हणावं का, मला ठाऊक नाही. श्रावणी सोमवारी तिथे शेकडो बायका येतात. पण तीस वर्षं घशात अडकलेलं ते वाक्य माझ्या हिमतीने बाहेर आलं नाही, एवढं मी जाणतो, आणि त्यासाठी शंभूचा ऋणी आहे. हल्ली दर सोमवारी जातो. पूर्वी काही ना काही मागायचो. आता नुसतं डोकं टेकतो. दत्ताला भेटायचं राहिलं ते राहिलंच. देव ठेवील तसं राहायचं, आणि खोटं बोलायचं नाही.