देवाच्या नावावर मारलेल्या थापा

अनुभव लिहायला बसलं की माणसं आपल्या श्रद्धेपासून सुरुवात करतात. मला थापांपासून करावी लागते आहे, आणि ते लिहितानाही माझे कान गरम होताहेत. वाडीला आमच्या गल्लीच्या तोंडाशी दत्ताचं देऊळ आहे. तिथे गेली वीस-बावीस वर्षं दर गुरुवारी मी बायकांना जमवून पोथी वाचते. सगळ्या मला पोथीवाल्या काकू म्हणतात. कोणाची सासू छळते, कोणाच्या मुलाला नोकरी नाही, कोणाला झोप नाही. वाचन झालं की एकेक जण माझ्याजवळ सरकून बसायची आणि मी सांगायची, अकरा गुरुवार कर, नाव घे. कोणी म्हणाली की काकू, करूनही काही फरक नाही, तर माझं उत्तर ठरलेलं होतं, तुझी श्रद्धा कमी पडते आहे. हे वाक्य मी फार तोऱ्यात म्हणत असे.

गेल्या दिवाळीनंतरच्या एका गुरुवारी अध्याय अर्ध्यावर आला होता आणि अचानक माझा घसा कोरडा पडला. छातीत धडधड सुरू झाली, अक्षरं दिसेनाशी झाली, आता आपण मरतो असं वाटलं. अध्याय सुरू केला की संपेपर्यंत आसनावरून उठायचं नाही, हा नियम मीच घालून दिलेला. मी पोथी उघडी टाकून बाहेर पळाले. बायकांना सांगितलं, शुगर कमी झाली. मग ते वारंवार होऊ लागलं. घरापासून जरा लांब निघालं, मग ती बस असो की ऑटो, की छातीत तेच. डॉक्टरांनी कार्डिओग्राम काढला आणि म्हणाले, काकू, हृदय ठणठणीत आहे, ही मनाची घबराट आहे, समुपदेशकाकडे जा. मला इतका राग आला की मी फीचे पैसे टेबलावर ठेवून निघून आले. पोथी वाचणाऱ्या बाईला मनाचा आजार म्हणजे काय!

रागाखाली दुसरंच काही होतं, ते मी कोणाला सांगितलं नव्हतं. आमची एकुलती एक मुलगी शुभा बारावीत असताना मला म्हणाली होती, "आई, माझे हात थरथरतात, छातीत धडधडते. मले कोणाले तरी दाखव ना." त्या गुरुवारी मी तिला देवळात नेलं, पंचवीस बायकांसमोर उभं केलं आणि म्हटलं, हिची श्रद्धा कमी पडते आहे, सगळ्यांनी हिच्यासाठी प्रार्थना करा. सतरा वर्षांची पोर, मान खाली घालून उभी होती. त्यानंतर तिने मला काही सांगितलं नाही. कॉलेजात गेल्यावर दर गुरुवारी शहरात बर्डीच्या देवळात जाते म्हणून निघायची, तेव्हा मला वाटलं, बघा, प्रार्थना फळली. मी आमच्या चाफ्याची फुलं पुडीत बांधून तिच्याजवळ देत असे.

आता तीच शुभा मौद्याला असते, बसने दोनेक तासांवर. जावई तिथल्या वीज प्रकल्पात पाळीवर काम करतात. लग्नानंतर सहा वर्षांनी तिला दिवस राहिले आणि सातव्या महिन्यात डॉक्टरांनी सांगितलं, पलंगावरून उठायचं नाही, प्रवास तर नाहीच. पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत, पण आता माहेरच तिच्याकडे जायला हवं होतं. सासू नाही. जावई कामावर गेले की ती दिवसभर एकटी. मी डिंकाचे लाडू बांधले, पिशवी भरली आणि बसमध्ये बसले. शहराच्या दुसऱ्या टोकाला, पारडीपर्यंत कसाबसा दम धरला. मग ओरडून बस थांबवली आणि रस्त्यात उतरले.

तिथे एक बाई हातगाडीवर संत्री विकत बसली होती. मी तिच्या पोत्यावर कोसळले. तिने काही न विचारता आपली पाण्याची बाटली माझ्या तोंडाला लावली आणि पाठीवरून हात फिरवत राहिली. जरा उतार पडतो तोच शुभाचा फोन. आई, कुठपर्यंत आली? आणि माझ्या तोंडून निघालं, "अगं, निघालेच नाही, देवळात सप्ताह बसला आहे. माझ्याच हातून सुरू झाला, मध्येच सोडता येत नाही गं." "ठीक आहे आई. पोथी आधी," म्हणाली आणि फोन ठेवला.

संत्रीवाली माझ्याकडे टक लावून पाहत होती. "पोरीले खोटं काहून सांगितलं माय? तेही देवाचं नाव घेऊन?" मला रडू फुटलं. ती म्हणाली, "मलेबी असंच होत होतं. दोन वर्षं घराच्या भायेर नाई पडली मी. बर्डीले एक मॅडम हाये, त्याहिच्याकडं गेली. आता पाह्य, भर रस्त्यात बसून राहिली." तिने कनवटीच्या पिशवीतून घामाने मऊ झालेलं त्या समुपदेशक मॅडमचं कार्ड काढून दिलं. आदल्याच गुरुवारी मी दत्ताला म्हटलं होतं, मला काहीतरी खूण दे. खूण मिळाली आणि मला ती आवडली नाही. देवाच्या अनुभवांच्या गोष्टींत मदत करणारा माणूस नंतर दिसेनासा होतो असं आपण वाचतो. ही बाई आजही तिथेच बसते आणि भावात एक पैसा कमी करत नाही.

आमचे हे गोदामातल्या नोकरीतून निवृत्त झालेले. त्यांनी मला स्कूटरवर बर्डीला नेलं, वाटेत चारदा थांबत. शुभाला काही सांगाल तर माझी शपथ आहे, एवढं मी त्यांच्याकडून कबूल करून घेतलं. मॅडम शुभाच्याच वयाच्या होत्या. दारावरच्या पाटीवर त्यांचं आडनाव वाचलं, आत भिंतीवर बुद्धाचा फोटो पाहिला आणि माझं मन आखडलं. त्यांनी हसून पाण्याचा ग्लास पुढे केला. मी म्हटलं, आज माझा निर्जळी उपास आहे, आणि पुढच्या प्रत्येक भेटीतही हेच सांगत राहिले. पारडीच्या रस्त्यावर जीव जात होता तेव्हा मी पाणी कोणाचं हे विचारलं नव्हतं. खुर्चीवर बसल्यावर मनात विचारलं. ही थाप मला सगळ्यात जास्त बोचते, म्हणून ती इथे लिहून ठेवते.

त्यांनी ग्लास बाजूला ठेवला आणि विचारलं, "काकू, भीती येते तेव्हा सगळ्यात आधी कुठे कळतं?" मी वाट पाहत होते की आता या उपदेश करतील. त्या म्हणाल्या, "काय करायचं ते मी एकटी नाही ठरवू शकत. मला अशा त्रासाची थोडी माहिती आहे, पण तुमच्या भीतीची माहिती तुम्हालाच आहे. आपण दोघी मिळून बघू." त्यांनी समजावलं की धोका नसताना शरीर धोक्याची घंटा वाजवतं, त्याने जीव जात नाही. घरी करायला एकच दिलं, दिवसातून दोनदा पाच मिनिटं श्वास सावकाश सोडायचा.

मी घरी आले आणि त्याचं अनुष्ठान केलं. पहाटे उठून आंघोळ, सोवळं, समई, आणि हातात जपमाळ घेऊन एकशे आठ श्वास. मोजणी चुकली की पुन्हा पहिल्यापासून. हे दारातून पाहत म्हणायचे, "काय वं, श्वास घेऊन राहिली का देवाले धमकावून राहिली?" चौथ्या दिवशी मला चक्कर आली आणि मी देव्हाऱ्यासमोरच आडवी झाले. पुढच्या भेटीत आधी थाप मारली, सगळं छान चाललं आहे म्हणून. पण मॅडमनी हळूच विचारलं, कसं करता ते दाखवता का, आणि मग सांगावंच लागलं.

त्या आधी हसल्या, मीही हसले. मग त्या गंभीर होऊन म्हणाल्या, "काकू, ही चूक माझी आहे. मी सांगून मोकळी झाले, तुम्ही ते कसं कराल हे विचारलंच नाही. आता नीट करू." वीस-बावीस वर्षांत किती बायकांना मी गुरुवार सांगितले. एकीलाही विचारलं नाही की बाई, तुला हे जमेल का, आणि फळ आलं नाही तेव्हा प्रत्येक वेळी चूक तिचीच काढली. मला समोरच्या मुलीकडे पाहवेना.

त्या दिवशी त्यांनी विचारलं, नाव घेताना देवाला काय म्हणता? मी म्हटलं, भीती घालव म्हणते. "आणि नाही गेली तर?" मी विचार करू लागले. नाही गेली तर मी आणखी जोरात म्हणत होते, माळा वाढवत होते. म्हणजे मी देवाला आज्ञा देत होते, आणि त्याने ऐकली नाही की घाबरत होते. तुझ्या इच्छेने होऊ दे, हे पोथीत हजार वेळा वाचलं, पण माझी इच्छा एकदाही खाली ठेवली नव्हती. मॅडम यातलं काही बोलल्या नाहीत. मीच बोलले आणि त्या ऐकत राहिल्या. मग त्यांनी विचारलं, "नुसतं सोबतीला नाव घेऊन पाहायचं का? भीती राहिली तर राहू दे."

मग त्यांनी कागद माझ्यापुढे सरकवला आणि पेन माझ्या हातात दिलं. सोप्यापासून कठीणपर्यंत तुम्हीच लिहा, म्हणाल्या. मी लिहिलं: बसस्टॉपवर उभं राहणं. बसने बर्डीपर्यंत. पारडीच्या संत्रीवालीपर्यंत. मौदा. पेन थांबलं नाही, मौद्याच्याही वर लिहिलं, शुभाला खरं सांगणं. त्यांनी तो कागद पाहिला आणि म्हणाल्या, क्रम तुम्हाला बरोबर माहीत आहे.

पहिल्या बसमध्ये त्या माझ्या शेजारी बसल्या. घाबरू नका असं एकदाही म्हणाल्या नाहीत. भीती दहापैकी किती, एवढंच विचारायच्या. मी म्हणायची आठ. पुढच्या थांब्याला पुन्हा आठ, मग सहा. पुढे मी एकटी जाऊ लागले, दोनदा मध्येच उतरले, पुन्हा चढले. यात सहा आठवडे गेले, आणि ते सहा आठवडे माझी पोर मौद्याला पलंगावर एकटी होती. तिच्या पोटावरून हात फिरवायला शेजारीण यायची. रोज फोनवर ती विचारायची, सप्ताह झाला का? मी म्हणायची, दुसरा बसला. आता तिने विचारणंही सोडलं होतं.

ज्या दिवशी गेले तो गुरुवार होता. देवळात पोथी दुसऱ्या बाईच्या हाती दिली आणि सगळ्यांसमोर सांगितलं, मला घबराटीचा आजार आहे, मी समुपदेशकाकडे जाते. पारडी आली तेव्हा आकडा नऊ होता. मी मनात म्हटलं, दत्ता, ही भीती राहू दे, मला मात्र पोरीजवळ पोचव, आणि नाही पोचवलंस तर उद्या पुन्हा निघेन. भीती गेली नाही, मौद्यापर्यंत माझ्याबरोबर आली. मी तिच्यासकट उतरले.

शुभा भिंतीला टेकून बसली होती. मी पिशवीही खाली ठेवली नाही. म्हटलं, सप्ताह नव्हता गं. एकही नव्हता. मला भीती वाटते, तुला वाटायची तशीच, आणि मी तुला त्या दिवशी सगळ्यांसमोर उभं केलं. माझं चुकलं. तिचा आवाज चढला. "मले वाटलं, तुले यायचंच नाही. सहा आठवडे मी हेच समजून राहिली होती, आई." मी ऐकून घेतलं. ते माझंच होतं.

दोघींचं रडणं ओसरल्यावर तिने मला शेजारी बसवलं. म्हणाली, "एक मीबी सांगू? कॉलेजात मी दर गुरुवारी देवळात नाही जायची. कॉलेजच्या समुपदेशक मॅडमकडे जायची. तुले सांगितलं असतं तर तू पुन्हा उभं केलं असतं." मी विचारलं, मग फुलं? मी दर गुरुवारी चाफ्याची फुलं देत होते, ती कुठे जायची? शुभा म्हणाली, "फेकवत नव्हती. त्याहिच्या टेबलावर ठेवायची. त्या ग्लासात पाणी घालून ठेवायच्या, दिवसभर."

शुभाला मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत. मी दोन महिने तिच्याजवळ राहून परत आले, तेव्हा चाफा फुलला होता. पुडी बांधली आणि बसने बर्डीला गेले. मॅडमच्या टेबलावर फुलं ठेवून म्हटलं, ते सगळे उपास खोटे होते, आणि का खोटे होते हेही सांगितलं. "माहीत होतं काकू," म्हणाल्या, "दर आठवड्याला निर्जळी उपास कोणी करत नाही." आणि नेहमीसारखा त्यांनी ग्लास पुढे केला. माझी भीती अजून येते, कधी चार, कधी सहा. देवाला ती काढून घे म्हणत नाही. ज्या मुलीच्या आडनावापाशी मी अडखळले होते, तिच्याच हाताने त्याने मला माझी लेक परत दिली, त्याबद्दल त्याचे पाय धरते. मी ग्लास दोन्ही हातांनी घेतला आणि सगळं पाणी प्यायले.