मायग्रेशन आणि बिबट्याची घंटा

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. चहाला एक निघतो, त्याच्यामागे दुसरा येतो, आणि आमच्या ऑफिसात तर चहा दिवसभर चालू असतो!

ऑफिस म्हणजे आळेफाट्यावर खतांच्या दुकानावरची एक खोली. वैशालीताई आणि प्रवीण कोड लिहितात, मी लोकांचे फोन घेतो. आमचं अ‍ॅप एकच काम करतं. कुणाला बिबट्या दिसला आणि त्यानं बटण दाबलं, की त्याची नोंद होते आणि आसपासच्या वस्त्यांवरच्या फोनवर घंटा वाजते. या नोंदींच्या टेबलात, म्हणजे तक्त्यात, नवा कॉलम घालायचा किंवा जुना काढायचा, तर त्याची एक फाईल बनते. तिला मायग्रेशन म्हणतात. ज्या तयार सांगाड्यावर अ‍ॅप उभं आहे, ते फ्रेमवर्क त्या फायली ओळीनं चालवतं. ऐकायला सोपं, पण करणाऱ्याचा जीव टांगणीला!

*

प्रवीण खोडदचा. तिथल्या रेडिओ दुर्बिणीच्या भल्यामोठ्या अँटेना बघत वाढलेला, त्यामुळे बारीकसारीक गोष्टी त्याला दिसतच नाहीत. त्यानं टेबलात ‘गाव’ हा सक्तीचा कॉलम घातला. फ्रेमवर्कनं विचारलं, जुन्या नोंदींत काय भरू? यानं ‘आळे’ टाइप करून एंटर मारला.

दुपारी मला आळे गावातून फोन. "भाऊ, तालुक्यातले समदे बिबटे आमच्याकडंच मुक्कामाला आलेत का?"

*

मग ताईंनी नियम केला. मायग्रेशन आधी उलटं फिरवून दाखवायचं.

"ताई, पुढं जायचंय, मागं कशाला?"

"आधी माघारी येऊन दाखव, मग हवं तिथं जा!"

त्यानं फिरवलं. कॉलम आला, गेला, पुन्हा आला, आणि एकही नोंद हलली नाही. मी तोंडात बोटं घातली. आयुष्यात कशाला ही सोय आहे, सांगा!

*

एकदा दोघांनी एकमेकांना न सांगता एकाच फायलीपुढे आपापलं मायग्रेशन जोडलं. फ्रेमवर्क अडून बसलं. दोन फाटे फुटलेत, जोडून देऊ का? ‘हो’ म्हटल्यावर दोन्ही बाजू राखून त्यानं सांधा जोडला! आमच्या भावकीत हे कुणी बसवून देईल का राव?

*

आता हा ऐका. नोंदींचं सगळं टेबलच बदलायचं होतं. एरवी भर दुपारी आम्ही अ‍ॅप थोडा वेळ बंद ठेवतो. पण या कामाला दिवस मावळणार होता, आणि बिबट्या बाहेर पडायची वेळ तीच.

"राहू दे की एक संध्याकाळ बंद," प्रवीण म्हणाला.

"बिबट्याला कोण सांगणार, आज थांब म्हणून?" ताईंनी विचारलं.

ताईंनी अ‍ॅप बंद केलंच नाही. जुन्याशेजारी नवं टेबल उभं केलं, येणारी नोंद दोन्हींत जाईल असं केलं, आणि जुन्या नोंदी थोड्या थोड्या करून पलीकडे नेऊ लागल्या. माणसं जेवायला बसलेली असताना खालची फरशी बदलावी आणि कुणाच्या ताटातली आमटीही हलू नये, असं ते चाललं होतं. मी नुसता बघत राहिलो.

काम अर्ध्यात असताना घंटा वाजली; प्रत्येक नोंदीची ती ऑफिसातही वाजते. नोंद ताईंच्याच वस्तीची होती, आंबेगाव तालुक्यातली. त्यांची मुलगी त्याच वेळेला शिकवणीहून उसाच्या कडेनं घरी येते. ताईंचे हात कीबोर्डवरच थांबले.

मग त्यांचा फोन वाजला. त्यांनी स्पीकर लावला. सासूबाई होत्या.

"वैशाली, पोरगी वाटंतच व्हती गं! घंटा ऐकून वाटंवरच्यांनी घरात घेतली. बरी हाय. तू नको पळत येऊ, तुजं काम कर."

ताईंनी डोळे पुसले आणि खुर्ची पुढे ओढली.

"प्रवीण, पुढच्या नोंदी घे."