मुठीतली पवित्र भाकर

मेणबत्ती विझल्याचा वास आला की मला बोरिवलीच्या आमच्या चर्चमधला तो रविवार आठवतो. लग्नानंतर तुमची आई, माझी सून, पहिल्यांदाच माझ्यासोबत मिस्साला, म्हणजे रविवारच्या उपासनेला आली होती. ती बाप्टिस्ट पंथातली, आम्ही कॅथलिक; आमच्या चर्चमध्ये तिने पवित्र भाकर घ्यायची नसते, हे सांगायला मीच विसरले. ती माझ्यामागे रांगेत आली, फादरांपुढे हात पसरला आणि भाकर न खाताच मुठीत धरून बाकावर येऊन बसली. आमच्यासाठी ते प्रत्यक्ष ख्रिस्ताचं शरीर, ते फादरांसमोरच खायचं, त्याचा कणही खाली पडता कामा नये. त्यात मागच्या बाकावरची चर्चच्या कमिटीतली बाई मान उंचावून बघत होती. तिने फादरांना सांगितलं तर सगळ्यांदेखत सुनेची शोभा होणार. "अगं, खा ना पटकन!" मी कुजबुजले. तिने मूठ आणखी घट्ट मिटली. "थांबा ना आई, सगळ्यांना मिळू दे. आमच्याकडे सगळे एकदमच खातात." रांग अजून दारापर्यंत होती. शेवटचा माणूस जागेवर बसेपर्यंत मी तिची मूठ माझ्या हाताने झाकून बसले; मगच तिने भाकर खाल्ली. आजही भाकर खाऊन बाकाकडे परतताना, मागे अजून किती जण उभे आहेत ते मी वळून बघते.