सोनियाचे ढिले शॉकअप

कडेगावातून विट्याकडे निघालं की डाव्या हाताला एक गॅरेज लागतं. पाटीवर नुसतं ‘शॉकअप रिपेरी’ आहे, नाव नाही. नाव कशाला हवं? उसाच्या ट्रॉल्यांनी रस्त्यांची चाळण केल्यावर लोक आपोआप सोनिया कोळेकरच्या दारात येतात. बाई चाळिशीची, आवाज खणखणीत आणि स्वभाव असा, की दोन शब्दांत भागत असेल तिथे पाच ऐकवील.

विट्याच्या उदयसिंहांची जुनी कॉन्टेसा तिच्याकडे होती. त्यांची सोनं गाळायची दुकानं तमिळनाडूत, पण हौस सगळी गावात. उंब्रजच्या पुढे, अजून न उघडलेल्या बायपासवर वर्षातून एकदा परवानगी काढून ड्रॅग रेस भरते. शेजारशेजारच्या दोन पट्ट्यांत दोन गाड्या, पाव मैल सरळ रस्ता, आधी पोचेल तो जिंकला. कॉन्टेसाचं इंजिन सोनियानंच बांधलेलं आणि गेल्या वर्षी गाडी चालवलीही तिनंच. पण हिरवा दिवा लागला की मागची चाकं जागच्या जागी गरगर फिरायची, नुसता धूर निघायचा आणि शेजारची गाडी तोवर निम्म्या वाटेवर असायची.

“औंदा नीट सुटली न्हाई, तर राजवर्धन बसंल,” उदयसिंहांनी बजावलं. राजवर्धन म्हणजे त्यांचा पुतण्या. त्याच्याकडे स्वतःचं हेल्मेट होतं, बाकी तयारी काही नव्हती.

सोबत त्यांनी परदेशी, दगडासारखे कडक शॉकअप आणले होते. सोनियानं खोकं उघडून पाहिलं आणि पुन्हा बंद केलं.

“ह्ये वळणावळणाच्या रस्त्याला चांगलं, दादा. आपल्याला वळायचं कुटं हाय? सुटताना गाडीचं नाक उचललं पायजे. मग भार मागच्या चाकावर पडतोय आन् चाक रस्ता धरतंय. ह्ये कडक शॉकअप नाकच उचलू द्यायचं न्हाईत.”

कोपऱ्यात बसलेले तिचे वडील ज्योतिबा हे ऐकून ताडकन उठले. “गाडी उलाळ करतीस? अक्कल गहाण ठिवलीस काय गं?”

त्यांचा राग समजण्यासारखा होता. म्हाताऱ्यानं उभी हयात शर्यतीचे छकडे पळवले होते. बैलगाडीत मागं भार जास्त झाला की जू वर उचलतं आणि बैलाच्या गळ्याला फास बसतो. तिला उलाळ गाडी म्हणतात, आणि तशी गाडी जुंपणाऱ्याला ज्योतिबा दारात उभा करत नसत.

“आबा, तुमचं बैल पुढं हुतं,” सोनिया म्हणाली. “हिचं बैल मागं हायेत.”

म्हातारा दोन दिवस गॅरेजकडे फिरकला नाही. सोनियानं पुढच्या चाकांसाठी आपल्या भंगारातली शॉकअपची एक जुनी जोडी काढली आणि आतल्या चकत्या बदलून बदलून आठ दिवस तिच्याशी झटली. दांडा सहज बाहेर यावा, पण आत जाताना वेळ घ्यावा. म्हणजे नाक झटक्यात वर येईल आणि लगेच खाली आपटणार नाही. मागचे शॉकअप मात्र तिनं जरा घट्टच ठेवले, गाडीनं शेपटावर बसू नये म्हणून.

शर्यतीच्या दिवशी तपासनीसानं बॉनेट दाबून सोडलं, ते टुणकन वर आलं आणि त्यानं मान हलवली. “बाई, शॉकअप गेलेत.”

“दाबू नगा, उचला.”

त्यानं बंपर उचलला. नाक लोण्यासारखं वर आलं आणि हात सोडल्यावर सावकाश खाली बसलं, म्हातारी पाटावर बसते तसं. तेल कुठे गळत नव्हतं. त्यानं शिक्का मारला.

पहिल्याच फेरीत नाक असं उचललं, की सोनियाला रस्ता दिसेना. धूर नाही, किंचाळणं नाही. पहिल्या साठ फुटांचा तिचा वेळ दिवसभरात सगळ्यांत कमी ठरला, पुढच्या फेऱ्याही तिनं जिंकल्या आणि ती फायनलला गेली. तिला आनंदानं रडू येत होतं.

उदयसिंह हसत आले. “झाली की गाडी तयार! आता फायनलला राजवर्धन बसू दे. क्यामेरंवालं आल्यात.”

सोनियाच्या अंगाचा तिळपापड झाला. ती एक शब्द बोलली नाही, आणि तिला ओळखणाऱ्यांना तिथेच घाबरायला हवं होतं. तिनं जॅक आणला, गाडी उचलली आणि नट सोडायला घेतले.

“आगं, ह्ये काय?”

“गाडी तुमची हाय. शॉकअप माझ्या भंगारातलं हाय. तुमचं डिकीत हायेत, घ्या बसवून.”

शर्यत बघायला आलेले वडील आता चारचौघांत झापतील असं तिला वाटलं. ज्योतिबा आले, गुडघे धरून खाली बसले आणि म्हणाले, “त्या अंगाचा नट मी सोडतो. पाना दे.”

परदेशी शॉकअप घाईघाईनं बसवले गेले आणि फायनलला राजवर्धन बसला. हिरवा दिवा लागला आणि कॉन्टेसा धुरात दिसेनाशी झाली. धूर विरला तेव्हा शेजारची गाडी रेषा ओलांडून गेलेली होती. कॅमेऱ्यांनी सगळं टिपलं.

सोनिया तेलकट जोडी काखेत मारून रस्त्याला लागली होती. उदयसिंह धापा टाकत मागे आले.

“सोनिया, चुकलं माझं. बसव ती परत. फुडच्या वर्साला तूच बस.”

“फुडच्या वर्साला मी हायेच की, दादा,” ती न थांबता म्हणाली. “तुमच्या शेजारच्या पट्ट्यात.”