टिप्याला चालेल अशी खोली

रंगराव भालेराव म्हणजे आमच्या कंपनीतला एक नंबरचा टर्नर आणि एक नंबरचा हट्टी माणूस. पिंपरीतली त्याची खोली मालकाला मुलाच्या लग्नासाठी हवी होती. दिवाळीच्या आत रिकामी करा, म्हणून रोज तगादा. बायको सुभद्रा, दोन लहान मुली आणि टिप्या नावाचं तांबूस कुत्रं, एवढा संसार घेऊन हा जाणार कुठं? आणि खोल्या शोधायला बरोबर कोण, तर मी! माझ्याकडे स्कूटर होती, एवढंच माझं पाप.

बरं, खोली शोधायची काही रीत असते की नाही? आधी गोड बोलावं, भाडं ठरवावं, सामान टाकावं आणि मग हळूच कुत्रं आणावं. हा गृहस्थ चपला काढायच्या आधी दारातूनच विचारणार, "आमच्याकडं कुत्रा आहे, चालेल का?" झालं! चिंचवडगावात विमलबाईंनी सोवळ्याचं कारण सांगून दार लावून घेतलं. आकुर्डीत मालकाच्या कोंबड्या आडव्या आल्या. सगळे रविवार असेच मातीत गेले.

"अरे, ते कुत्रं काय तुझा थोरला भाऊ लागून गेलं का?" मी ओरडायचो. "गावी नेऊन सोड त्याला!"

"नाही राव, टिप्या नाही जायचा," असं म्हणून वर हसायचा. असा संताप यायचा म्हणून सांगू!

दसऱ्यानंतर आम्ही निगडीत नानासाहेबांकडे गेलो. कंपन्या आल्यावर त्यांनी मळ्याच्या कडेला भाड्यानं द्यायला खोल्या बांधल्या होत्या. रंगरावानं दारातच कुत्र्याचं काढलं. मी कपाळाला हात लावला.

"कुत्रं? अवो चालतंय की!" नानासाहेब म्हणाले. "आमचं म्हातारं झालंय, कांद्याला राखण न्हाई. या, बसा. अगं, च्या टाक!"

मला तर नाचावंसं वाटलं. आणि रंगराव? गडी शर्टाची बाही खालीवर करत बसला. पाणी कधी येतं, संडास कुठं, सगळं मीच विचारतोय! नानासाहेबांच्या मंडळी, शालनबाई, किल्ली घेऊन आल्या आणि त्यांनी खोली दाखवली. छान हवेशीर खोली, समोर मोकळं अंगण.

"नाव काय म्हनला तुमी?" नानासाहेबांनी विचारलं.

"रंगराव भालेराव."

"भालेराव म्हंजी कुनापैकी?"

"बार्शीकडचे. बौद्ध."

नानासाहेबांनी शालनबाईंकडे पाहिलं. शालनबाईंनी कुलूप पुन्हा लावलं.

"आता ध्यानात आलं बघा," नानासाहेब म्हणाले, "ही खोली मेव्हण्याला द्यायची कबूल केलीय."

"आणि शेजारच्या?" मी विचारलं.

"त्या बी."

चहा काही बाहेर आला नाही.

रस्त्यावर येताच माझं डोकं फिरलं. "इतके मेव्हणे आणतो कुठून हा माणूस? थांब, चांगला जाब विचारतो!"

रंगरावानं माझा दंड धरला. "स्कूटर काढा, श्रीपादराव. मला हे नवं नाही."

"नवं नाही, तर मग दारातच ते कुत्र्याचं पुराण कशाला लावतोस?"

"कुत्र्यावरून नाही म्हणाले की पुढचं विचारत नाहीत. घरी गेलो की पोरी दारातच धरतात, बाबा, खोली मिळाली का? मी सांगतो, टिप्या नको म्हणाले. मग त्या टिप्याला रागावतात, त्याला भाकरी घालतात आणि झोपतात. सुभद्राला सगळं ठाऊक आहे. पण पोरी लहान आहेत अजून."

मी किक मारत होतो. स्कूटर सुरू होईना, का माझाच पाय नीट पडत नव्हता कोण जाणे.

"आज तर कुत्रं चाललं होतं," मी म्हणालो. "आज काय सांगणार?"

"तेच," रंगराव मागे बसत म्हणाला. "टिप्या नको म्हणाले."